मऊ केसापुढे पोलाद का हरतं?

दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी वस्तरा बोथट होतो. तेरणा नदीच्या काठच्या माकणीसारख्या गावांत बलुत्याच्या ज्वारीवर वर्षभर दाढ्या करणाऱ्या नाभिकांना हे रोजचंच होतं. विज्ञानाला त्याचं नेमकं कारण सापडलं ते २०२० साली.

अमेरिकेतल्या ‘एमआयटी’च्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापला जाताना पाहिला. पात्याची कड सरसकट झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. पातं लागताच केस वाकतो आणि कडेवर तिरका ताण देतो. पोलादही आतून सगळीकडे सारखं नसतं. कठीण आणि त्यामानाने मऊ भाग जिथे शेजारी येतात, नेमका तिथे केस भिडला की टवका जातो.

हे समजल्यावर नाभिकाच्या कामातली प्रत्येक हालचाल वेगळी दिसू लागते. वाटीतलं पाणी तो दाढीवर निवांत चोळायचा. केस केराटिन या प्रथिनाचा. पाणी मुरलं की त्यातले हायड्रोजन बंध सैल होतात, केस फुगतो आणि कापायला कमी जोर लागतो. डाव्या हाताने गाल ताणून धरला की केस वाकायला कमी वाव राहतो. दगडावर घासून पात्याला नवी कड यायची. मग ते चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या बाजूने ओढायचं, कारण धार पुढे ठेवली तर चामडंच कापलं जाईल. दगडाने कडेवर सोडलेले बारीक कंगोरे तिथे निघतात आणि कड गुळगुळीत होते. शेवटी तुरटी: ती रक्तातली प्रथिनं गोठवते, म्हणून बारीक कापल्याचं रक्त लगेच थांबतं. पुस्तकाविना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं हे पदार्थविज्ञान आहे, असंच मी म्हणेन.

पोलादाची गोष्टही लांबची नाही. माकणीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या कोनासमुद्रम इथे, म्हणजे आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, मातीच्या बंद मुशीत वूट्झ पोलाद तयार होई. भरपूर कार्बनचं हे पोलाद नेण्यासाठी इराणहून व्यापारी येत. लंडनमध्ये सुऱ्या आणि वस्तरे घडवणारा जेम्स स्टोडार्ट वूट्झवर लुब्ध होता. त्याच्या जोडीने मायकेल फॅरडेने १८१९च्या सुमारास वूट्झ तपासलं, तसं पोलाद घडवायचे प्रयोग केले आणि आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. विजेचं युग ज्याच्या शोधांवर उभं राहिलं, तो माणूस आधी वस्तऱ्याच्या पोलादात रमला होता!

१९०४ साली किंग कॅम्प जिलेटला फेकून द्यायच्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं आणि धार लावण्याचं काम कारखान्याकडे गेलं. आपल्याकडच्या सलूनमध्येही एड्स आणि काविळीच्या धास्तीने वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवण्याची रीत आली. ती योग्यच आहे. रक्तातून पसरणारे विषाणू एकाच वस्तऱ्यावरून दुसऱ्याच्या गालावर जाऊ शकतात.

मात्र जुने वस्तरे भंगारात जाऊ नयेत. तेरणाकाठच्याच तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. या परिसरातल्या घराघरांत पडून असलेल्या, नाभिकांच्या हत्यारांच्या धोकट्या तिथे मांडाव्यात आणि एखाद्या पात्याची धातुशास्त्रीय तपासणी करून घ्यावी. कार्बनचं प्रमाण आणि सूक्ष्मरचना पाहिली, तर ते मुशीतलं पोलाद आहे की कारखान्यातलं, याचा माग लागू शकेल.