घाटासाठी सुपरचार्जर निवडताना

खोपोलीहून बोरघाट चढताना ताकदवान मोटारीच्या इंजिनाचाही कस लागतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच बेल्टवर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येते. रूट्स आणि ट्विन-स्क्रू हे प्रकार कमी आरपीएमलाही जोर देतात, म्हणून चढाला सोयीचे. सेंट्रिफ्यूगलचा जोर आरपीएम वाढल्यावर येतो.

मात्र दाबलेली हवा तापते. ३५ अंशांची हवा दीडपट दाबाला ७० अंशांपलीकडे जाते. मग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण पेटते. या ‘नॉकिंग’ने पिस्टन फुटू शकतो. म्हणून हॉर्सपॉवरच्या आकड्याआधी इंटरकूलर, इंधनपुरवठा आणि ब्रेक पाहावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.