नोंदणी विवाह कोर्टात सिद्ध करताना

▪ कायदा : विशेष विवाह कायदा, १९५४.

▪ मुख्य पुरावा : विवाह अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्र पुस्तकातली नोंद. तिच्यावर वधू-वर आणि ३ साक्षीदारांच्या सह्या असतात. लग्न लागल्याचा हा निर्णायक पुरावा (कलम १३).

▪ प्रमाणपत्र हरवले तर : फी भरून प्रमाणित नक्कल मिळते, ती कोर्टात ग्राह्य असते (कलम ४७).

▪ तरीही आव्हान : आधीचा जोडीदार हयात, वय कमी (वर २१, वधू १८), निषिद्ध नाते (कलम २४).

▪ दाद : कौटुंबिक न्यायालयात.

▪ गफलत नको : हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी वेगळी. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

वारसा-पेन्शनचा वाद उभा राहण्याआधीच प्रमाणित नक्कल काढून ठेवा.