प्रोग्रॅम घर बदलतो तेव्हा

समजा, खर्ड्याच्या एखाद्या शाळेत दहा संगणक एकमेकांना जोडले आहेत. नऊ संगणकांवर मुले उत्तरे टाइप करतात आणि शिक्षकांच्या दहाव्या संगणकावर ती जमा होतात. उत्तरे गोळा करणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला आहे, लिनक्सवर तो उत्तम चालतो. एके दिवशी शिक्षकांचा संगणक बिघडतो आणि त्याच्या जागी विंडोजचा येतो. सी भाषेचा कंपायलर विंडोजसाठीही मिळतो. मग तोच प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला की झाले! पण कंपायलर सुरुवातीच्या ओळींतच अडतो : ‘ही फाइल सापडत नाही.’ भाषा तर तीच. मग अडले कुठे?

सी भाषेला बेरीज येते, तुलना येते. पण ‘जाळ्यावरून निरोप आला का?’ हे तिला स्वतःला कळत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावे लागते आणि विचारण्याची रीत प्रत्येकीची निराळी असते.

आपल्या वर्गातच पाहू. साठ मुले गणिते सोडवत आहेत. कोणाचे झाले, हे कसे कळेल? एक रीत म्हणजे प्रत्येकाला क्रमाने विचारत जायचे. ‘सिलेक्ट’ ही जुनी सोय अशी चालते. मुले वाढली की फेरी लांबते. दुसरी रीत : ज्याचे झाले त्याने हात वर करायचा, मग आपण जाऊन वही आणायची. फ्रीबीएसडीत 2000 साली आलेली ‘केक्यू’ आणि लिनक्समध्ये 2002 साली आलेली ‘ईपोल’ या सोयी अशा आहेत. तिसरी रीत : वर्गप्रमुखाला आधीच सांगून ठेवायचे, ‘वह्या आणून टेबलावर ठेव आणि मग मला सांग.’ विंडोज एनटीमध्ये 1994 साली आलेली ‘आयओसीपी’ ही सोय या जातीची आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीतला फरक नीट पाहा. एकीत निरोप येतो, ‘वही तयार आहे, न्यायला या.’ दुसरीत येतो, ‘वही आणली.’ म्हणजे कामाचा क्रमच उलटा. नुसती नावे बदलून भागत नाही.

मग दोन्हीकडे असलेले सिलेक्टच वापरले तर? युनिक्समध्ये सिलेक्टची यादी म्हणजे खुणांची पट्टी. तिच्यात सहसा 1024 जागा असतात. विंडोजमध्ये ती खरोखरच यादी असते आणि मुळात 64 नावांचीच. शिवाय तिथे सिलेक्ट फक्त जाळ्याच्या जोडण्यांवर, म्हणजे सॉकेटवर चालते.

याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. युनिक्समध्ये सॉकेटचा क्रमांक ऋण आला तर चूक झाली असे समजतात. विंडोजमध्ये हा क्रमांक ज्या प्रकारात ठेवतात, त्यात ऋण संख्याच नसते. म्हणून ‘शून्यापेक्षा लहान आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे नेहमीच ‘नाही’. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतोही. पण झालेली चूक त्याला कधीच दिसत नाही. आपल्या शाळेत एखाद्या मुलाचे उत्तर हरवेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. कंपाइल झाले म्हणजे काम झाले, असे नव्हे.

हा प्रश्न प्रत्यक्षातही आला. 2009 साली रायन डाल यांनी ‘नोड’ ही प्रणाली तयार केली. घटनांवर लक्ष ठेवण्यासाठी तिच्यात ‘लिबईव्ही’ ही सी लायब्ररी होती. ती युनिक्सच्या रीतीने बांधलेली. विंडोजवर तिला सिलेक्टवरच भागवावे लागे. म्हणून 2011 मध्ये ‘लिबयूव्ही’ ही नवी लायब्ररी लिहिली गेली. तिने प्रोग्रॅमशी बोलण्याची भाषा एकच ठेवली : ‘काम झाले की कळवीन.’ आत मात्र विंडोजवर आयओसीपी आणि युनिक्सवर त्या वेळी लिबईव्ही होती. युनिक्सवर वही आणण्याचे काम लायब्ररी स्वतः करते आणि मगच निरोप देते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेली नोडची 0.6 आवृत्ती विंडोजवर थेट चालू लागली.

वर्गात हे करून पाहा. तिन्ही रीतींनी वह्या गोळा करा आणि वेळ मोजा. आधी दहा मुले घ्या, मग साठ. नंतर मुलांना विचारा : रीत बदलली तरी ‘सर्व वह्या आल्या’ याची खात्री कशी करायची? प्रोग्रॅमला नवे घर देणाऱ्यालाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो.