लांब पल्ल्याचा घोडा निवडताना आणि घडवताना

मंडळी, एन्ड्युरन्स म्हटलं की आपल्याला शर्यतच आठवते. पण इथे घड्याळाइतकाच पशुवैद्यही निकाल ठरवतो. अंतर ४०, ६०, ८० किलोमीटर. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका दिवसात १६० पर्यंत. ते टप्प्याटप्प्यानं तोडायचं. टप्पा संपला की ठरलेल्या मिनिटांत घोड्याची नाडी साधारण ६४ ठोक्यांपर्यंत उतरली पाहिजे, चालीत लंगडेपणा दिसता कामा नये. नाहीतर पहिला आलेला घोडासुद्धा बाद.

म्हणून निवडताना वेग शेवटी बघायचा. आपल्या कन्हेरी-बारामती-इंदापूर पट्ट्यातलंच उदाहरण घेऊ. इथले धनगर मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघतात, पावसाआधी परततात. त्यांचं बिऱ्हाड पाठीवर वाहणारा भीमथडी घोडा उंचीनं बेताचा, पण खूर टणक, अंग सडपातळ. जगभर या खेळात अरबी घोडे पुढे असतात, तेही सडपातळच. कारण साधं आहे: जाड अंगात उष्णता कोंडते. तेव्हा आधी खूर, मग पायांची ठेवण, मग सरळ चाल आणि खाण्यापिण्याची आवड बघा. प्रवासात तोंड न लावणारा घोडा लांब टिकत नाही.

आता तयारी. खरा धोका इथेच आहे. दोन-तीन महिन्यांत घोड्याचा दम वाढतो, तो पळायला मागतो. पण हाडं आणि कंडरा पक्क्या व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. दम बघून अंतर वाढवलं की पाय जातो. म्हणून आधी भरपूर चालणं, मग दुडकी. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवायचे नाहीत. मेहनतीच्या दिवसांमध्ये विश्रांतीचा दिवस हवाच.

पाण्याचंही तसंच. घोड्याच्या घामातून मीठ फार जातं, त्यामुळे शरीरातलं पाणी घटूनही त्याला तहान लागेलच असं नाही. मीठ द्या, पण पाणी पीत असेल तेव्हाच. कडबा-गवत तोडू नका. आतड्यातला चारा पाणी धरून ठेवतो.

या आठवड्यात एक करा. रोज सकाळी, घोडा शांत असताना, जबड्याखालची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. साधारण २८ ते ४४ यायला हवी. आकडा वहीत लिहा. तो एकाएकी चढलेला दिसला, तर त्या दिवशी खोगीर घालू नका.