तेलाची नळी आणि कारागिराचे इमान

दसऱ्याच्या सोहळ्यात निघणारी छत्रपती घराण्याची जर्मन मेबॅक मोटार कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिली आहे. राजाराम महाराजांच्या काळातली ही मोटार. लोक तिचा रंग आणि दिमाख पाहतात. मात्र अशी जुनी मोटार चालती राहते ती आतल्या तेलामुळे.

मी कापडाचा व्यापारी. वडिलांच्या जुन्या इंग्लिश मोटारीची तेलाची तांब्याची नळी चिरली, तेव्हा एका गॅरेजमध्ये ती कथलाचा डाख देऊन जोडून घेतली. आठ दिवसांत सांधा सुटला, तेल रस्त्यावर सांडले आणि बेअरिंगे गेली. चारशे रुपये वाचवायला गेलो, चाळीस हजारांना पडलो.

पुढे शिवाजी उद्यमनगरातले एक बुजुर्ग मिस्त्री भेटले. ते म्हणाले, "शेठ, नळी का चिरली ते आधी बघू." तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि नटाजवळ चिरते. नळी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा मऊ होते. पोलाद अशाने कडक होते, तांब्याचे उलट. तांब्याचे वायसरही असेच मऊ करून बसवावेत. चिरलेला तुकडा कापून नवा जोडायचा तर कथील नको, चांदीचा डाख हवा. नळीला मध्ये आधाराची पट्टी नसेल, तर ती पुन्हा चिरणारच.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. वर्षानुवर्षे साधे तेल वापरलेल्या इंजिनात गाळ साचतो. त्यात एकदम आजचे डिटर्जंट तेल ओतले, तर गाळ सुटून बारीक भोके बुजवतो. म्हणून आधी चेंबर उतरवून पंपाची जाळी धुवावी, वाटा रॉकेलने साफ करून हवेने फुंकाव्यात. जोडणी झाल्यावर प्लग काढून इंजिन हँडलने फिरवावे. काटा उठल्याशिवाय चालू करू नये. इंजिन तापल्यावरच दाब पडत असेल, तर दोष बहुधा पंपात किंवा बेअरिंगात असतो. तिथे नळी बदलून गिऱ्हाइकाचे पैसे घेणे बरोबर नाही.

या कामाला आज मोल आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार, 50 वर्षांहून जुन्या खासगी मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. अट अशी की मोटार मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. म्हणजे मालकाला जुनेच अवयव दुरुस्त करून देणारा हात लागतो. आपल्याकडे ओतकाम, लेथ आणि डाखकाम जाणणारे हात आहेत. तरुणांनी बुजुर्गांजवळ बसून हा हुन्नर वेळीच उचलावा.

माझ्या मिस्त्रींनी काम झाल्यावर जुनी नळी कागदात गुंडाळून परत दिली आणि काय केले ते बिलावर लिहून दिले. त्यानंतर मी त्यांच्याकडे तीन गिऱ्हाइके पाठवली. कापडाच्या दुकानातही पेढी अशीच वाढते.