मीटरचा उजेड मंद झालाय? वॅट वाढवू नका

प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर हौसेने सांभाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘रात्री मीटर दिसत नाही? जास्त वॅटचा बल्ब टाका.’ हा सल्ला चूक आहे आणि गाडीच्या मुळावर येणाराही. गाडी नवी होती तेव्हा त्याच वॅटच्या बल्बवर काटे स्वच्छ दिसत होते ना? मग बदललं ते बल्बचं वॅट नव्हे. होल्डर गंजले, अर्थिंग सैल झालं.

फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने घटतो. बल्ब बनवणाऱ्यांच्या तांत्रिक पुस्तिकांत हेच सूत्र वापरतात. म्हणजे १२ ऐवजी १०.८ व्होल्ट पोचले की ३० टक्के उजेड गेला. आता २ वॅटचे चार बल्ब आणि त्यांच्या सामाईक अर्थिंगमध्ये गंजाचा २ ओहम अडथळा धरा. सुमारे सव्वा व्होल्ट तिथेच जिरतो. ५ वॅटचे बल्ब लावलेत तर तोच गंज अडीच व्होल्टहून जास्त गिळतो, आणि वाढलेल्या उष्णतेने प्लास्टिक वितळतं ते वेगळंच.

तेव्हा आधी मोजा. दिवे लावून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला (साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्हला) आणि दुसरं होल्डरच्या पत्र्याला टेकवा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची वायर सोडा, तिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि स्क्रू घट्ट आवळा. होल्डरही आतून घासा. काच काळवंडलेला बल्ब बदला, पण त्याच वॅटचा.

‘बॅटरी उतरली असेल’: मग हेडलाइट आणि हॉर्नही मरगळले असते.

‘उजेड कमी-जास्त करायची घुंडी गेली, नवीच घ्या’: बहुतेकदा आत नुसता मळ असतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवून पाहा.

‘सगळीकडे एलईडी लावा’: चार्जिंगच्या लाल दिव्यात तरी लावू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो; एलईडीने तो अपुरा पडून चार्जिंगच सुरू न होण्याची शक्यता असते.

मोजून झालं की पान्हा हातात घेण्याआधी बॅटरीची केबल काढाच. जुन्या गाड्यांत मीटरमागच्या सगळ्याच वायरींना फ्यूज नसतो.