तबकडीतला हरवलेला खर्ज

रोधक आणि धारित्र यांच्या जोडणीचा काल-स्थिरांक, म्हणजे R आणि C यांचा गुणाकार, वर्गात एका सूत्रापुरता येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. या साध्या गुणाकारावर संगीताचा एक मोठा ठेवा कसा अवलंबून आहे, ते एका जुन्या पूर्वविवर्धकाच्या, म्हणजे प्रीॲम्प्लिफायरच्या, मदतीने पाहू.

तबकडीवरचे गाणे म्हणजे खाचेची नागमोडी वळणे. सुई त्यांतून जाताना हलते आणि तिला जोडलेल्या इवल्याशा चुंबकामुळे तारेच्या वेटोळ्यात काही मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो. फॅराडेच्या नियमानुसार हा दाब सुई किती दूर सरकली यावर नव्हे, तर किती वेगाने सरकली यावर ठरतो. अडचण येथेच आहे. वेग तेवढाच ठेवायचा, तर १००० हर्ट्झच्या मानाने ५० हर्ट्झच्या स्वरासाठी सुईला २० पट दूर सरकावे लागेल, आणि खाच शेजारच्या खाचेत घुसेल. उलट, उंच स्वरांची वळणे इतकी बारीक असतात की ती खरखरीत बुडून जातात.

म्हणून तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि उंच स्वर वाढवतात. वाजवताना याच्या नेमके उलट करायचे. किती, हे अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आरआयएए या संघटनेने १९५४ मध्ये तीन काल-स्थिरांकांनी ठरवून दिले: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. त्यांना जुळणाऱ्या वारंवारता सुमारे ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ येतात. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे ९ पट वाढवावा लागतो, तर २०,००० हर्ट्झचा नवव्या हिश्श्याहूनही कमी करावा लागतो.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅरँट्झ कंपनीने काढलेला ‘मॉडेल ७’ हा स्टिरिओ पूर्वविवर्धक हे काम कसे करतो? त्यात १२एएक्स७ जातीचे सहा व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकात दोन ट्रायोड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना सहा-सहा. त्यांपैकी पहिले तीन तबकडीसाठी. एका ट्रायोडची वाढ ५० पट धरली, तर दोघांची मिळून २५०० पट होते. १००० हर्ट्झला लागते साधारण १०० पट. उरलेली वाढ वाया जात नाही. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलट्या दिशेने पहिल्या ट्रायोडकडे परत पाठवतात. हाच ऋण फीडबॅक. हॅरल्ड ब्लॅक यांनी तो १९२७ मध्ये शोधला.

परतीच्या या वाटेवर रोधक आणि धारित्रे बसवलेली आहेत. वारंवारता वाढते तसा धारित्राचा विरोध घटतो, जास्त संकेत परत जातो आणि वाढ आपोआप कमी होते. तिसरा ट्रायोड दाब वाढवत नाही. परतीच्या वाटेला लागणारा प्रवाह तो पुरवतो, म्हणजे आधीच्या ट्रायोडवर भार पडत नाही. मात्र २० हर्ट्झला ९०० पट वाढ लागत असल्याने फीडबॅकसाठी शिल्लक थोडीच उरते.

आणखी एक पेच आहे. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची. खर्जाबरोबर तिचा गुणगुणाटही सहा पटींहून अधिक वाढणार! म्हणून या यंत्रात व्हॉल्व्हचे तापतंतू एकदिश प्रवाहावर चालवले आहेत.

हा विषय केवळ शौकिनांचा नाही. १९५४ पूर्वी कंपन्यांची प्रमाणे वेगवेगळी होती. आपल्याकडच्या ७८ फेऱ्यांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या संगणकावर उतरवताना सरसकट आरआयएएचेच प्रमाण लावले, तर गायकाचा आवाज बदलतो, आणि पुढची पिढी तोच खरा समजेल.

विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. ७.५ किलोओह्मचा रोधक आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा धारित्र एकसरीत जोडा. गुणाकार ७५ मायक्रोसेकंद येतो. टोकांना ध्वनिजनकाचा एखादा व्होल्ट द्या आणि धारित्रावरचा दाब दोलनदर्शकावर पाहा. २०० हर्ट्झला तो जवळजवळ पूर्ण मिळेल, २१२२ हर्ट्झला सुमारे ०.७ पट. जुने व्हॉल्व्हचे यंत्र मात्र उघडू नका. त्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो.